लेणे, नगर आणि खाडी : रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्ध वास्तूंच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक म. न. देशपांडे यांचा पन्हाळे-काजीच्या लेण्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८६ साली सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेतील ८४ वे पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. दापोली तालुक्यातील या लेण्यांचा साधार अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आजही याच ग्रंथापासून आरंभ करावा लागतो. या ग्रंथाचे शीर्षक मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. ‘पन्हाळे-काजीची लेणी’ हे शब्द प्रथम येतात, ‘प्राचीन प्रणालक’ हे नगराचे नाव कंसात येते, आणि उपशीर्षकात हीनयानाकडून तांत्रिक वज्रयानाकडे व तेथून नाथ संप्रदायाकडे झालेल्या संक्रमणाचा कलेतिहास, इसवी सनाचे तिसरे ते चौदावे शतक, असा विषयविस्तार सांगितला आहे. (‘हीनयान’ ही संज्ञा प्रतिपक्षाने दिलेली असून पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती वापरू नये, असे आमचे मत आहे. येथे ती केवळ ग्रंथाच्या शीर्षकापुरती आली.) एका शीर्षकावरून विद्वानाच्या परिश्रमांचे मूल्यमापन करणे न्याय्य होणार नाही. परंतु लेणे मुख्य, पंथ त्याच्या खालोखाल आणि नगर कंसात, हा जो क्रम येथे दिसतो तो एका ग्रंथापुरता नाही. पश्चिम भारतातील लेण्यांच्या एकंदर अभ्यासाला जडलेली ती सवय आहे, आणि प्रस्तुत लेखात तिचीच चिकित्सा करावयाची आहे.

या सवयीचा उगम फर्गसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात सापडतो. त्यांनी लेण्यांना सरसकट ‘गुंफा-मंदिरे’ म्हटले, स्तंभांचे व चैत्यगवाक्षांचे आकार पाहून त्यांची कालानुक्रमे मांडणी केली आणि पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासाला चौकट घालून दिली. ही मांडणी निरुपयोगी होती असे कोण म्हणेल? शैलीच्या तुलनेवाचून कालनिर्णय करता येत नाही. मात्र या चौकटीत लेणे कोणासाठी कोरले, तेथे राहणाऱ्याला अन्न कोठून मिळत होते, त्याच्या पायवाटेने कोण येत-जात होते, हे प्रश्न विचारण्यास जागाच उरली नाही. परिणामी निर्जन अरण्यात विरक्तांनी कोरलेले शिल्प असे एक चित्र वाचकांच्या मनात रुजले. ते चित्र आपल्या धम्मबांधवांच्या मनातही तितकेच खोल रुजलेले आहे.

पालि वाङ्मयाची साक्ष याहून वेगळी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात राजा बिंबिसार भगवंतांच्या निवासासाठी स्थान शोधतो तेव्हा तो रम्य वनश्रीचा विचार करीत नाही. वस्तीपासून फार दूर नको, फार जवळही नको, येण्या-जाण्यास सुलभ हवे, ज्यांना भेटावयाचे आहे त्यांना पोहोचता यावे, दिवसा वर्दळ अल्प आणि रात्री शांतता असावी, असे त्याचे निकष आहेत, आणि ते वेळुवनास लागू पडतात. चुल्लवग्गात अनाथपिण्डिक श्रावस्तीत जेतवनाची निवड याच निकषांवर करतो. या निकषांमागे व्यवहार आहे. भिक्खूने अन्नाचा साठा करावयाचा नाही, पिण्डपातासाठी प्रातःकाळी वस्तीत जावयाचे आणि मध्यान्हापूर्वी भोजन उरकावयाचे. विहार व वस्ती यांमधील अंतर त्यामुळे माणसाच्या सकाळच्या चालीने मर्यादित होते. पुढील काळात दानातून विहारातच भोजनाची व्यवस्था होऊ लागली हे खरे, पण ते दान देणारेही वस्तीतच राहत होते. लेण्याचा नकाशा काढताना हे अंतर जो मोजीत नाही, त्याने स्तंभांची मोजमापे कितीही काटेकोर घेतली तरी विहाराचे मोजमाप अपुरेच राहते.

तथापि याच परंपरेत दुसरा स्वरही आहे आणि तो दडवून चालणार नाही. आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात ध्यानाभ्यासास प्रतिकूल अशा विहाराचे अठरा दोष सांगितले आहेत. त्यांत हमरस्त्याला लागून असणे, नगराला लागून असणे आणि पट्टनाला म्हणजे बंदराला लागून असणे, हे तिन्ही दोष म्हणून येतात. रस्त्यावरच्या विहारात रात्रंदिवस पांथस्थ येतात, अवेळी आलेल्याला आपली खोली देऊन भिक्खूला झाडाखाली जावे लागते, असे आचार्य लिहितात. आता पश्चिम भारतातील लेण्यांकडे पाहा. कार्ले, भाजे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नर नाणेघाटाच्या माथ्यावरील मार्गावर, कान्हेरी सोपारा व कल्याण या बंदरांच्या टप्प्यात, कुडा थेट मांदाडच्या खाडीवर. आचार्यांनी जे दोष मोजले त्याच जागा शिल्पकारांनी, दात्यांनी आणि संघाने निवडल्या आहेत. याचा अर्थ संघ ध्यानमार्गापासून ढळला होता असा काही विद्वान लावतात. आम्हांस तो उतावळेपणाचा वाटतो. विसुद्धिमग्ग एका विशिष्ट साधकाला मार्गदर्शन करतो. संघ मात्र ‘बहुजनहिताय’ चारिकेस निघालेला होता, आणि बहुजन रस्त्यावर, बाजारात व धक्क्यावर होता. लेण्याच्या वास्तूत हा ताण दगडात उतरलेला दिसतो. दालनाच्या तोंडाशी सर्वांसाठी ओसरी व बाक, आणि आत एकेका भिक्खूपुरते, दाराला चौकट असलेले अंधारे ओवरक.

शिलालेख जेथे आहेत तेथे नगर स्वतःच बोलते. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा लेख पाहावा. क्षत्रप नहपानाचा हा जामात संघासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवतो आणि ती विहारात न ठेवता गोवर्धन नगरातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवतो. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते, आणि वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे ठरले होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हे दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचेही लेख सांगतो. याचा अर्थ नाशिकचे लेणे डोंगरात आहे, परंतु त्याची तिजोरी विणकरांच्या मागावर आणि त्याची नोंदवही नगराच्या सभागृहात आहे. केवळ स्तंभशीर्षे पाहून परत फिरणाऱ्या अभ्यासकाला या लेण्याचा निम्मा भाग दिसलेलाच नसतो.

कुड्याच्या लेखांत वैद्य आहे, माळी आहे, आणि करहाकड येथील लोखंडाचा व्यापारी आहे. करहाकड म्हणजे आजचे कराड. घाटमाथ्यावरील लोहवणिज कोकणच्या खाडीवर येऊन लेणे दान करतो. नाशिकच्या एका लेखात मुगुदास नावाचा ‘दासक’ आपल्या परिवारासह दाता म्हणून येतो, आणि या शब्दाचा अर्थ मासेमार असा लावला जातो. कराडचा एक उल्लेख तर याहून जुना व विलक्षण आहे. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाच्या वेदिकेवर करहकट निगमाचे दान कोरलेले आहे. येथे दाता कोणी एक गृहपती नाही, संपूर्ण नगरसंस्था दाता आहे. आपल्या इतिहासात ‘शहरवासी बौद्ध’ हा प्रकार १९५६ नंतर गिरणगावात जन्माला आला असे समजणाऱ्यांनी या एका ओळीचा विचार करावा.

नगर व लेणे यांचा संबंध कोणी लक्षातच घेतला नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. पालि पंडित धर्मानंदांचे सुपुत्र दामोदर कोसंबी यांनी पायी फिरून लेणी, घाटवाटा व बाजार यांची सांगड घातली. कार्ल्याच्या लेखांत पुन्हा पुन्हा येणारे धेनुकाकट हे नगर कोणते, हा प्रश्न त्यांनी हिरिरीने चर्चिला. त्या नगराचे स्थान अद्यापि वादग्रस्त आहे. ज्या नगराने एवढा चैत्य उभारला ते हरवावे आणि केवळ लेण्याच्या भिंतीवर नावाने उरावे, ही गोष्ट लेण्यांच्या प्रत्येक अभ्यासकाला अस्वस्थ करणारी असावयास हवी. देशपांडे यांचा ग्रंथ आला त्याच १९८६ साली हिमांशु प्रभा राय यांचा विहार व श्रेणी यांच्या परस्परसंबंधावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला आणि व्यापारी मार्गांचा विचार अभ्यासात स्थिरावला. पण येथेही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. या मताच्या पुढील अनुयायांनी त्याचे यंत्र करून टाकले. घाट दिसला की लेणे, लेणे दिसले की व्यापारी, एवढेच समीकरण उरले. त्यात माळी, कोळी, वैद्य, उपासिका, भिक्खुनी हे व्यापाऱ्याच्या सावलीत गेले, आणि या माणसांनी दान का केले हा प्रश्न, म्हणजे धम्माचाच प्रश्न, गौण ठरला. नगर म्हणजे केवळ पेठ नव्हे.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे वळू. (ग्रंथालयाच्या सूचीत ‘रत्नागिरी’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम ओडिशातील रत्नागिरी भेटते. देबला मित्रा यांनी उत्खनन केलेला तो महाविहार वेगळा. ही गफलत पदव्युत्तर प्रबंधांतही आढळते, म्हणून हा उल्लेख.) आपल्या रत्नागिरीत दानलेखांची अशी समृद्धी नाही. म्हणूनच येथे पद्धतीची खरी कसोटी लागते. नगर बोलत नसेल तर भूगोलाला बोलते करावे लागते.

वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ हे बंदर आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीने आत चिपळूणनजीकच्या गोवळकोटपर्यंत येत. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की पाटण, आणि पुढे कराड, म्हणजे तेच करहाकड, जेथे आगाशिवच्या डोंगरात लेण्यांचा मोठा समूह आहे. या मार्गावर व त्याच्या फाट्यांवर आपल्या जिल्ह्यातील बौद्ध लेणी येतात. चिपळूणचे लेणे भरतीची वाट संपून बैलांची वाट सुरू होते त्या ठिकाणी, खेडचे लेणे जगबुडीच्या काठच्या गावातच, आणि पन्हाळे-काजीची २९ लेणी कोटजाई नदीच्या खोऱ्यात, जी नदी पुढे याच खाडीला मिळते. सुटी सुटी पाहिली तर चिपळूण व खेड येथील लेणी किरकोळ वाटतात, आणि कलेतिहासाच्या ग्रंथांत त्यांना क्वचितच चार ओळी मिळतात. कुड्याच्या लेखातील कराडच्या लोहवणिजाने खाडीवरचे एक लेणे दान केले होते. त्याच कराडहून कोकणात उतरणाऱ्या दुसऱ्या वाटेवर ही लेणी आहेत, हे ध्यानात घेतले की त्यांचे महत्त्व पालटते. त्यांचा लहानपणा हीच मग माहिती ठरते. मुक्कामाच्या, ओझी उतरवण्याच्या, वर्षावासात चार-सहा भिक्खूंना पोसू शकणाऱ्या छोट्या वस्त्यांचे ते पुरावे आहेत. येथे जुन्नर नव्हते, आणि जुन्नरच्या मापाने ही लेणी मोजणे चूक आहे.

पन्हाळे-काजीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तोच आपल्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा. आरंभीची लेणी थेरवादी वळणाची, स्तूप व साधे ओवरक असलेली. त्यानंतर मोठ्या खंडाने वज्रयानाचा काळ, ज्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील महाचंडरोषणाची मूर्ती अत्यंत दुर्मीळ मानली जाते. पुढे गणपती व शिव यांची उपासना, एकोणिसाव्या लेण्याच्या छतावर रामायण-महाभारतातील प्रसंग, आणि अखेरीस नाथ सिद्धांची शिल्पे. या क्रमाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की हा भारतीय समन्वयाचा सुंदर नमुना असून एक पंथ दुसऱ्यात सहज विरघळला. दुसरा पक्ष, आणि त्यात आपलेच पुष्कळ लेखक आहेत, म्हणतो की हे केवळ बळजबरीचे अतिक्रमण होय. दोन्ही पक्ष लेण्याच्या भिंतीकडे पाहून बोलतात. लेण्यासमोरील नगराकडे कोणीच पाहत नाही.

नगराविषयी एक भक्कम पुरावा आहे. अण्णा शिरगावकर यांच्यासारख्या स्थानिक संशोधकाच्या परिश्रमाने उजेडात आलेला ताम्रपट शके १०६१ चा, म्हणजे इसवी सन ११३९ चा आहे. त्यावरून उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने आपला पुत्र विक्रमादित्य यास या भागाचा अधिपती केले आणि प्रणालक हे त्याचे सत्ताकेंद्र होते, असे समजते. बाराव्या शतकात या खोऱ्यात राजपुत्राचा दरबार आला, त्याच्यासोबत अधिकारी, पुरोहित, अग्रहार यांची व्यवस्था आली. लेण्यांतील शैव-गाणपत्य शिल्पे या नव्या नगराची आहेत. दरबाराच्या नगराला आपली देवालये हवी होती आणि रिकामे खडक समोर होते.

पण रिकामे का होते? येथे वज्रयानाच्या टप्प्याचा फेरविचार करावा लागतो. महाचंडरोषणाची उपासना ही दीक्षित साधकांची, गुरुमुखाने चालणारी. ती माळी, कोळी, लोहवणिज यांनी भरलेल्या चैत्यगृहाची उपासना नव्हे. अशा साधनेला निगमाची गरज नसते, एक-दोन धनिकांचा आश्रय पुरतो. कान्हेरीच्या नवव्या शतकातील, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळच्या लेखांतही हाच बदल जाणवतो. तेथे दूर गौड देशाहून आलेला अविघ्नाकर किंवा शिलाहारांचे अमात्य दान देताना दिसतात, सातवाहनकाळातील सोपारा-कल्याणच्या कारागिरांची ती दाटी नाही. आमचे अनुमान असे, की पन्हाळ्यास लेणे जाण्यापूर्वी उपासक गेले होते. खाडीकाठच्या वस्तीने सकाळी भिक्खूच्या पात्रात भात घालणे थांबविले, त्या दिवशी लेण्याचे भवितव्य ठरले. राजपुत्राचा दरबार नंतर आला. हे अनुमान खोडून काढता येईल, पण त्यासाठी पन्हाळ्याची जुनी वस्ती, तिची खापरे, तिची नाणी व नदीकाठचा उतार तपासावा लागेल, केवळ मूर्तींची लक्षणे पुरणार नाहीत. अतिक्रमणाची भाषा वापरणाऱ्यांना हे अनुमान कदाचित रुचणार नाही. अतिक्रमणे झालीच नाहीत असे आम्ही म्हणत नाही, अनेक लेण्यांत ती डोळ्यांना दिसतात. परंतु उपासकांचा समाज कसा व का विरला हा प्रश्न त्या भाषेआड लपतो, आणि आजच्या उपासक समाजाला त्याचेच उत्तर अधिक हवे आहे.

वास्तूच्या अभ्यासात दुर्लक्षित राहणाऱ्या पाण्याच्या पोढीविषयीही येथे लिहिले पाहिजे. चैत्यगृहाचे छायाचित्र घेणारे पोढीकडे पाठ फिरवितात. दात्यांनी मात्र पोढ्यांचे दान स्वतंत्रपणे कोरून ठेवले आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, महाडजवळील गांधारपाले येथे कुमार काणभोज विष्णुपालित याच्या लेखात लेणे, चैत्यगृह व ओवरक यांबरोबर पोढ्यांचा आणि वाटेचा उल्लेख आहे. पाणी आणि वाट ही दोन्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतात. ज्या नगराच्या वेशीवर हे दान कोरलेले होते त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. गांधारपाल्याच्या लेण्यांवर लिहिताना चवदार तळ्याचा उल्लेख विषयांतर मानला जातो. नगरासह लेणे वाचावयाचे ठरविले, की एकाच नगरातील पाण्याच्या या दोन व्यवस्था शेजारी मांडून पाहणे क्रमप्राप्तच ठरते.

ही पद्धत केवळ प्राचीन अवशेषांपुरती नाही. रत्नागिरी शहरातील थिबा राजवाडा हे अर्वाचीन उदाहरण घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. तो आधी इतर बंगल्यांत राहिला, राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजाचे येथेच निधन झाले. १९१९ मध्ये राणी व परिवार मायदेशी परतला. पर्यटनाच्या पुस्तिकांत या वास्तूचे उतरते छप्पर, अर्धवर्तुळाकार खिडक्या, लाकडी नक्षी यांचे वर्णन असते आणि तेथील बुद्धमूर्तीचा ओझरता उल्लेख. इंग्रजांनी रत्नागिरीच का निवडली याचे उत्तर या वर्णनात नाही, ते शहराच्या स्थानात आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, पूर्वेस सह्याद्री, आणि रेल्वे तर सबंध कोकणपट्टीतून थेट धावू लागली ती १९९८ मध्ये. ज्या खाड्या व घाटांनी एकेकाळी या किनाऱ्याला कराड व भरहुतशी जोडले होते, तोच किनारा वसाहतकाळात एका बौद्ध राजाला जगापासून तोडण्यासाठी सोयीचा ठरला. टेकडीवरच्या त्या प्रशस्त सज्जातून भाट्याची खाडी दिसते, आणि खाडीपलीकडे समुद्र. राजवाड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे वास्तुवर्णनात येते. त्या दिशेला पाहणाऱ्याला कोठेही जाण्याची मुभा नव्हती, हे येत नाही.

त्या राजवाड्यातील बुद्धमूर्तीसमोर रत्नागिरी शहरातील कोणी वंदना करीत होते काय? बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे, आणि राजाच्या वास्तव्याच्या तीस वर्षांत या जिल्ह्यातील अस्पृश्य कुटुंबे मुंबईच्या बोटी धरून चाकरीस व पलटणीत जात होती. एकाच गावात एक बौद्ध राजा नजरकैदेत आणि पुढे बौद्ध होणारा समाज गावकुसाबाहेर. या दोहोंमधील अंतर किती फर्लांगांचे होते, वाटेत कोणती आळी, कोणते पाणवठे, कोणते पहारे होते, हे शहराच्या जुन्या नकाशावर दाखविता येण्यासारखे आहे. नगर भूमापन कार्यालयातील नोंदी, बंदर खात्याची दप्तरे आणि वाड्यांतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी यांचा शोध घेण्यासाठी पालि येणेही आवश्यक नाही.

आपल्या संस्थांच्या वतीने दरवर्षी लेण्यांच्या सहली निघतात. बस थेट पायथ्याशी जाते, वंदना होते, छायाचित्रे होतात, बस परत फिरते. पुढील वर्षी खेडच्या लेण्याला जाणाऱ्यांनी बस स्थानकापाशीच सोडावी, बाजारपेठेतून पायी जावे, वाटेत लागणारी जुनी विहीर, नदीचा उतार, देवस्थान, मशीद व मोहल्ला यांची टिपणे करावीत आणि लेण्याच्या दारात उभे राहून गावाकडे तोंड करून पाहावे. भिक्खू सकाळी पात्र घेऊन निघत असे तेव्हा त्याला दिसणारी बाजू ती होती.